न वाचलेले पत्र : रॉजर अ‍ॅक्रॉइडचा खून आणि आपली समीक्षा

१

रहस्यकथेविषयी लिहिणारा मराठी समीक्षक बहुधा प्रथम दिलगिरी व्यक्त करतो आणि मगच विषयाकडे वळतो. आपण हे वाचतो ते केवळ विरंगुळा म्हणून, प्रवासात किंवा आजारपणात, अशी ग्वाही तो आधीच देऊन ठेवतो. अलीकडच्या दशकांत समीक्षकांचा आणखी एक वर्ग पुढे आला आहे. त्याला दिलगिरीची गरज वाटत नाही, कारण त्याच्या लेखी कादंबरी चांगली की वाईट हा प्रश्नच कालबाह्य झालेला आहे. त्याला 'संहिता' हवी असते, आणि खुनाची गोष्ट ही इतर कोणत्याही संहितेइतकीच संहिता असते. वरकरणी परस्परविरोधी वाटणाऱ्या या दोन्ही भूमिकांत एक सोय मात्र समान आहे. दोहोंतही कादंबरीविषयी निर्णय द्यावा लागत नाही. पहिल्या भूमिकेत तो पुस्तक उघडण्यापूर्वीच दिलेला असतो. दुसरीत तो कधीच द्यायचा नसतो.

काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात या दोन्ही भूमिका एकाच व्यासपीठावर पाहण्याचा योग आला. एका तरुण अभ्यासकाने अगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' या कादंबरीवर निबंध वाचला. निबंधात निवेदनाची आत्मसंदर्भता, अर्थाचे लांबणे, वाचकाच्या स्थानाचे विखंडन अशी सगळी सामग्री होती. कादंबरीतील एकाही प्रसंगाचा ऊहापोह मात्र नव्हता. अध्यक्षस्थानी असलेल्या ज्येष्ठ समीक्षकांनी 'असल्या पुस्तकांवर इतका वेळ घालवावा का?' एवढ्या एका प्रश्नात त्याची बोळवण केली. चहाच्या वेळी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, 'पण तुम्हाला ती कादंबरी आवडली का?' मी निवेदनतंत्राविषयी चार वाक्ये बोलले आणि तिथून निघून गेले. ते उत्तर आजही टोचते. प्रश्न साधा होता आणि मी तो टाळला होता.

खरे उत्तर असे आहे की ती कादंबरी मला फार आवडते आणि तिच्याविषयी माझ्या मनात रागही आहे. या दोन भावनांपैकी एकीला दुसरीसाठी गप्प बसवता येत नाही. संमिश्र भावना म्हणजे समीक्षकाचा डळमळीतपणा, असे आपल्याकडे मानले जाते. माझा दावा याच्या उलट आहे. विशिष्ट कलाकृतीच्या बाबतीत संमिश्र भावना हीच सर्वांत नेमकी प्रतिक्रिया असू शकते आणि ती का संमिश्र आहे याचा शोध घेणे हे समीक्षेचे काम आहे.

हा शोध घ्यायचा तर रहस्य उघड करणे भाग आहे. शेवट सांगू नये हा रहस्यकथेच्या वाचकांमधला जुना शिष्टाचार आहे. मी तो पाळणार नाही. ज्या पुस्तकाचा शेवट सांगता येत नाही त्याच्याविषयी स्तुती आणि निंदा दोन्ही करता येतात, पण विचार करता येत नाही. या साहित्यप्रकाराची समीक्षा अविकसित राहण्यास हा शिष्टाचारही काही अंशी जबाबदार आहे.

२

ही कादंबरी १९२५ मध्ये लंडनच्या 'ईव्हनिंग न्यूज'मध्ये क्रमशः आली आणि १९२६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. किंग्ज अ‍ॅबट नावाच्या इंग्लिश खेड्यात डॉ. जेम्स शेपर्ड आपल्या अविवाहित थोरल्या बहिणीसह, कॅरोलिनसह, राहतात. तेच निवेदक. गावातील श्रीमंत विधवा मिसेस फेरर्स व्हेरोनाल या झोपेच्या औषधाच्या अतिरिक्त मात्रेने मरण पावल्या आहेत. त्यांच्याशी विवाह करू इच्छिणाऱ्या रॉजर अ‍ॅक्रॉइडला त्यांनी मृत्यूपूर्वी एक कबुली दिली आहे: दारुड्या आणि क्रूर नवऱ्याला आपण विष दिले, आणि हे ठाऊक असलेला कोणी एक इसम आपल्याकडून सतत पैसे उकळत आहे. त्या इसमाचे नाव त्यांनी मरण्यापूर्वी पत्रातून कळवले आहे. ते पत्र अ‍ॅक्रॉइडच्या हाती पडते त्याच रात्री त्याच्याच अभ्यासिकेत ट्युनिशियन खंजिराने त्याचा खून होतो. पत्र नाहीसे होते. शेजारी निवृत्त होऊन भोपळे लावत बसलेला हर्क्यूल पॉयरो तपास हाती घेतो, डॉक्टर त्याचा सोबती बनतो आणि तपासाची हकिगत लिहीत जातो. अखेरीस पॉयरो सिद्ध करतो की पैसे उकळणारा आणि खून करणारा हा डॉक्टरच आहे. आपण आतापर्यंत वाचत होतो ती हकिगत खुन्याने लिहिलेली आहे.

या शेवटाने खळबळ उडाली. ती इतकी टिकली की २०१३ मध्ये ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनच्या लेखक-सभासदांनी सर्वकालीन सर्वोत्कृष्ट गुन्हेगारी कादंबरी म्हणून हिचीच निवड केली. मात्र या खळबळीतून जो वाद निर्माण झाला तो आरंभापासूनच चुकीच्या प्रश्नाभोवती फिरत राहिला.

३

तो प्रश्न असा: लेखिकेने वाचकाला फसवले की नाही? एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ मध्ये रहस्यकथेचे वीस नियम सांगितले. रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये दहा सांगितले. ज्याच्या मनातले विचार वाचकाला जाणून घेता आले आहेत तो गुन्हेगार असता कामा नये, हे नॉक्सच्या पहिल्याच नियमात येते. आणि गुप्तहेराच्या मंदबुद्धी मित्राने आपल्या मनात आलेले काहीही वाचकापासून लपवू नये, असे त्याचा नववा नियम सांगतो. डॉ. शेपर्ड हे दोन्ही नियम मोडतो. उलट बाजूने डोरोथी सेयर्सने ख्रिस्तीचा बचाव केला: सर्वांवर संशय घेणे हे वाचकाचे काम आहे, त्याने ते केले नाही तर दोष त्याचा.

ज्या अर्थाने हा वाद मांडला गेला त्या अर्थाने ख्रिस्ती निर्दोष सुटते, आणि तेही सहज. निवेदनात डॉक्टर कोठेही असत्य विधान करत नाही. पत्र वीस मिनिटे कमी नऊला आले आणि दहा मिनिटे कमी नऊला आपण खोलीतून निघालो तेव्हा ते तसेच न वाचलेले होते, असे तो सांगतो. दोन्ही वेळा खऱ्या आहेत. मधल्या दहा मिनिटांत काय झाले एवढेच तो सांगत नाही. निघताना दाराशी थबकून मागे पाहिले आणि काही करायचे राहिले तर नाही ना असा विचार केला, असेही तो लिहितो. पहिल्या वाचनात ही शिष्टाचाराची खूण वाटते. दुसऱ्या वाचनात ती पुरावा आवरणाऱ्या माणसाची शेवटची नजर ठरते. शेवटच्या प्रकरणात डॉक्टर स्वतःच या वाक्यरचनेचे कौतुक करून घेतो.

एडमंड विल्सनने १९४५ मध्ये 'न्यू यॉर्कर'मध्ये लिहिलेला लेख रहस्यकथेच्या विरोधकांचा आधारग्रंथ मानला जातो. रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा कोणाला आहे, असा त्याचा शीर्षकातील सवाल आहे. गंमत अशी की या गाजलेल्या लेखात विल्सन सेयर्स, मार्श, अ‍ॅलिंगहॅम, चँडलर यांच्या पुस्तकांविषयी बोलतो. ज्या कादंबरीचे नाव त्याने मथळ्यावर मिरवले तिचे विवेचन तो करत नाही. न वाचलेल्या पत्राप्रमाणे तिथेही एक पुस्तक बंदच राहिले. आपल्याकडील अध्यक्ष महोदय हे याच परंपरेतले.

पण विल्सनचा सवाल त्याच्या हेतूपलीकडे जाऊन खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारले याची पर्वा खुद्द कादंबरीलाही फारशी नाही. अ‍ॅक्रॉइड मरतो आणि कोणी मनापासून रडत नाही. पुतणीला आणि विधवा भावजयीला पैशांची विवंचना आहे, सावत्र मुलगा बेपत्ता आहे, हाउसकीपरचे स्वतःचे गुपित आहे. मृत माणूस हा कूटप्रश्नाचा आधारबिंदू असतो, त्याहून अधिक काही नाही. वाचकाशी प्रामाणिकपणा राखला की लेखकाची सगळी देणी फिटली, हे नियमकर्त्यांचे गृहीतक इथे उघडे पडते. प्रामाणिक कोणाशी राहायचे? केवळ कोडे सोडवणाऱ्या वाचकाशी, की कथेतल्या माणसांशीही?

४

या प्रश्नाकडे जाण्यापूर्वी कादंबरीचे खरे यश नोंदवायला हवे. राग व्यक्त करण्याचा अधिकार त्याशिवाय मिळत नाही.

सिद्धान्तकारांनी या यशाचे नामकरण केव्हाच केले आहे. बार्तने १९५३ मध्येच, प्रथमपुरुषाच्या आड खुनी दडवणाऱ्या ख्रिस्तीच्या कादंबरीचा दाखला दिला होता. वेन बूथने १९६१ मध्ये 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना रूढ केली. जेनेतने १९७२ मध्ये, निवेदकाच्या दृष्टिकोनात जे यायलाच हवे ते बाजूला ठेवण्याच्या युक्तीला स्वतंत्र संज्ञा दिली आणि उदाहरणांत हिचेही नाव घेतले. मराठीत तिला आपण 'कथनलोप' म्हणू. या संज्ञा उपयुक्त आहेत. परंतु त्या युक्तीचे नाव सांगतात, ती यशस्वी का होते हे सांगत नाहीत. निवेदक गाळतो हे खरे. पण आपल्याला गाळलेले दिसत का नाही?

उत्तर पहिल्याच प्रकरणात आहे. मिसेस फेरर्स गेल्याची बातमी घेऊन डॉक्टर घरी येतो तेव्हा कॅरोलिनला ती आधीच कळलेली असते. मिसेस फेरर्सनी नवऱ्याला विष घातले हे तिचे वर्षभरापासूनचे ठाम मत आहे. अ‍ॅशली फेरर्स जठराच्या तीव्र दाहाने गेला आणि त्याला अति मद्यपानाचा हातभार लागला, असे डॉक्टरचे म्हणणे. आर्सेनिकच्या विषबाधेची लक्षणे तशीच असतात, असे तिचे. डॉक्टर या अंदाजांची मजेत खिल्ली उडवतो. बहिणीच्या चौकशीखोरपणाविषयी, दूधवाला आणि मोलकरणी यांच्या तिच्या हेरखात्याविषयी तो इतक्या खुसखुशीतपणे लिहितो की आपण त्याच्याबरोबर हसतो. वास्तविक कॅरोलिनचे मत बरोबर आहे आणि ते बरोबर आहे हे डॉक्टरला ठाऊक आहे. त्याच ज्ञानावर तो पैसे कमावत आला आहे. याचा अर्थ असा की कादंबरीतील मुख्य सत्य आरंभीच एका बाईच्या तोंडून उच्चारले जाते, एका सुशिक्षित पुरुषाच्या विनोदाखाली ते गाडले जाते, आणि गाडण्याच्या कामी वाचकाचे हसू वापरले जाते.

इथे विश्वास पुराव्याने कमावलेला नाही. तो प्रतिष्ठेवर मिळालेला आहे. निवेदक डॉक्टर आहे, मध्यमवयीन आहे, मोजके बोलतो, स्वतःवरही थोडे हसतो. अ‍ॅक्रॉइडचा कारखाना कशाचा, हे सांगताना तो गाडीच्या चाकांचा उल्लेख करतो आणि कंसात 'मला वाटते' अशी पुस्ती जोडतो. चाकांविषयीसुद्धा खात्री नसल्यास तसे नमूद करणारा माणूस दहा मिनिटे गिळून टाकील असे कोणाला वाटेल? बाईची बडबड आणि पुरुषाचे निवेदन, यांना आपण वेगवेगळे तोलतो. सत्य बडबडीत होते. एवढे निखळ सामाजिक निरीक्षण तथाकथित गंभीर कादंबरीतही वारंवार आढळत नाही, आणि इथे ते भाष्याचा एकही शब्द न खर्चता वाचकाच्या अनुभवातूनच घडवले आहे. शेवट कळल्यावर आपण ओशाळतो ते कोडे सुटले नाही म्हणून नव्हे. आपण कोणाबरोबर हसलो हे कळते म्हणून.

मराठी वाचकाला प्रथमपुरुषी निवेदनाचा एक वेगळा वारसा आहे. हरि नारायण आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' मध्ये यमूला 'मी' म्हणू दिले ते जिचे कोणी ऐकत नाही तिचे ऐकले जावे म्हणून. तिथे 'मी'ला विश्वास मिळवावा लागतो. शेपर्डचा 'मी' नेमका दुसऱ्या टोकाला उभा आहे. ज्याचे सर्व जण ऐकतात त्याचा तो 'मी' आहे. ही दोन पुस्तके शेजारी ठेवल्याशिवाय प्रथमपुरुष ही केवळ तांत्रिक निवड नाही, हे आपल्या विद्यार्थ्यांना पटणार नाही. आपण मात्र एक पुस्तक अभ्यासक्रमात ठेवतो आणि दुसरे रेल्वेच्या डब्यात.

५

आता रागाविषयी.

कादंबरीने हा शोध लावला आणि एका क्षणाच्या धक्क्यासाठी खर्चून टाकला. शोधाचा पुढचा धागा मिसेस फेरर्सकडे जातो, आणि तिकडे कादंबरी जात नाही. मिसेस फेरर्स आपल्याला जिवंत कधी भेटत नाहीत. त्यांनी नवऱ्याचा छळ सोसला, त्याला मारले, पैसे देत राहिल्या, शेवटी ज्याच्याशी लग्न करायचे त्याला सर्व सांगितले. ते ऐकताना अ‍ॅक्रॉइडच्या चेहऱ्यावर जे उमटले त्यात त्यांनी आपला निकाल वाचला. रूढीप्रिय अ‍ॅक्रॉइडने त्यांना वाचवण्यासाठी हात पुढे केला नाही. त्यानंतर त्यांनी औषध घेतले. या साऱ्या कथेत त्यांचा स्वतःचा म्हणावा असा आवाज एकाच ठिकाणी येतो: त्या निळ्या पाकिटातल्या पत्रात. अ‍ॅक्रॉइड ते मोठ्याने वाचू लागतो आणि नाव येण्याआधी थांबतो. उरलेले आपण एकट्याने वाचू, असे म्हणतो. डॉक्टर आग्रह करतो, तो ऐकत नाही. पुढे पत्र नष्ट होते. संपूर्ण कादंबरी एका बाईच्या अर्धवट वाचलेल्या पत्रावर उभी आहे, आणि शेवटपर्यंत ते पत्र पूर्ण वाचले जात नाही.

वाचकाला न्याय मिळाला की नाही यावर शतकभर शाई खर्च झाली. पत्र लिहिणारीला न्याय मिळाला की नाही, हा प्रश्न या वादात मला तरी कोणी लावून धरलेला आढळला नाही. नॉक्सच्या दहा नियमांत तिच्यासाठी एकही नियम नाही.

इथे माझे सिद्धान्तप्रेमी मित्र पोच्या 'पर्लॉइन्ड लेटर'चा दाखला देतील. त्या कथेतही पत्रातला मजकूर वाचकाला कधी कळत नाही. लाकाँने त्या कथेवरील आपले व्याख्यान १९६६ च्या 'एक्री'च्या अग्रभागी ठेवले. पत्रात काय आहे यापेक्षा ते कोणाकडून कोणाकडे जाते याला महत्त्व आहे, असे त्याचे प्रतिपादन. देरिदाने १९७५ मध्ये त्याला आक्षेप घेतला. पुढे या वादावर वाद झाले. चर्चासत्रातल्या त्या निबंधातही शेपर्डने चोरलेले पत्र याच धर्तीवर 'रिक्त चिन्ह' ठरवले होते. मला हे मान्य नाही. पोच्या राणीचे पत्र तिला कोणीतरी लिहिलेले आहे आणि तिला ते लपवायचे आहे. मिसेस फेरर्सचे पत्र त्यांनी स्वतः लिहिले आहे आणि त्यांना ते वाचले जायला हवे आहे. ते रिक्त नाही. त्यात एका इसमाचे नाव आहे. ते आरोपपत्र आहे. आरोपपत्र नष्ट करणाऱ्याने त्याला रिक्त म्हणावे हे समजू शकते. समीक्षकाने तसे म्हणणे म्हणजे डॉक्टरचे काम पुढे नेणे होय. सिद्धान्त वापरू नये असे मी म्हणत नाही. एका संहितेवर घडलेली दृष्टी दुसऱ्या संहितेवर जशीच्या तशी ठेवली की दुसरीतला माणूस त्या भिंगातून दिसेनासा होतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

६

राग इथेच संपता तर सोपे झाले असते; पुस्तक हुशार पण निर्दय आहे, असा निकाल देऊन मोकळे होता आले असते. पण कॅरोलिन तसे होऊ देत नाही.

तपासाच्या मध्यावर कॅरोलिन पॉयरोसमोर आपल्या भावाविषयी बोलते. जेम्स दुबळा आहे, मी नसते तर त्याचे काय झाले असते कोण जाणे, अशा अर्थाचे ती बोलते. पाठोपाठ पॉयरो एका सामान्य माणसाचे कल्पित चित्र रंगवतो: मनात खुनाचा विचारही नसलेला, पण आत कुठेतरी दुबळेपणाचा धागा असलेला माणूस, ज्याच्या हाती अचानक एक गुपित येते. डॉक्टर हे ऐकतो आणि लिहून ठेवतो. पुन्हा वाचताना हे पान अंगावर काटा आणते. बहीण नकळत भावाचे निदान करत आहे, आणि भाऊ ते निदान शब्दशः नोंदवत आहे.

शेवटी पॉयरो डॉक्टरला सांगतो की सकाळी सत्य पोलिसांकडे जाईल. मात्र त्याच्या बहिणीसाठी आपण दुसरा मार्ग मोकळा ठेवतो. तो मार्ग म्हणजे औषधाची मोठी मात्रा. डॉक्टर व्हेरोनाल घेण्याचे ठरवतो, म्हणजे मिसेस फेरर्सनी घेतले तेच. कॅरोलिनला सत्य कधी कळू नये एवढीच त्याची इच्छा. अशा रीतीने, सत्य उघड करण्यासाठीच रचलेल्या कादंबरीतील शेवटची कृती सत्य झाकण्याची आहे, आणि ती पॉयरोच्या संमतीने होते. खेड्यातली प्रत्येक गोष्ट जिला सर्वांआधी कळते तिला हीच एक गोष्ट कळू द्यायची नाही. कथनलोपाने सुरू झालेली कादंबरी कथनलोपानेच संपते; पहिला गुन्हा होता, दुसरा दया म्हणून सादर केला जातो. ही दया आहे का? की प्रतिष्ठित घरातले पाप बाहेर जाऊ न देण्याची जुनी सभ्य रीत आहे? गावात आलेला व्यसनी परका तरुण, लग्न लपवून मोलकरणीचे काम करणारी मुलगी, यांची गुपिते पॉयरो सर्वांदेखत उलगडतो. डॉक्टरचे गुपित मात्र इतर सर्व जण निघून गेल्यावर दोन पुरुषांमध्ये बोलले जाते.

ख्रिस्तीला हे कळले होते का, हे मी निश्चित सांगू शकत नाही, आणि माझ्या भावना संमिश्र राहतात त्या इथेच. काही पानांवर वाटते की तिला सर्व कळले आहे आणि ती गप्प राहून वाचकाची परीक्षा पाहते आहे. काही पानांवर वाटते की तिला फक्त कोड्याची उकल नीटस करायची आहे. कॅरोलिन तिला प्रिय होती, एवढे तिच्या आत्मचरित्रावरून दिसते. १९२८ मध्ये या कादंबरीचे 'अ‍ॅलिबाय' हे नाट्यरूपांतर झाले तेव्हा कॅरोलिनच्या जागी एक तरुण मुलगी आणली गेली. ख्रिस्तीला ते खुपले. पुढच्या काळात अवतरलेल्या मिस मार्पलचा उगम कॅरोलिनमध्ये असावा, असेही तिने लिहून ठेवले आहे. म्हणजे ज्या बाईला या कादंबरीत हसण्यावारी नेले, तिलाच लेखिकेने नंतर गुप्तहेराच्या खुर्चीत बसवले. एखाद्या लेखिकेने आपल्याच पुस्तकाची दिलेली ही दुरुस्ती मला कोणत्याही समीक्षेपेक्षा बोलकी वाटते.

पिएर बायार या फ्रेंच समीक्षकाने १९९८ मध्ये या कादंबरीवर स्वतंत्र पुस्तक लिहून पॉयरोचा निष्कर्ष चुकीचा ठरवला. त्याच्या मते खून कॅरोलिनने केला आणि भाऊ तिला वाचवत आहे. त्याचा युक्तिवाद चतुर आहे आणि बंद झालेली संहिता पुन्हा उघडण्याचे श्रेय त्याला दिले पाहिजे. परंतु फलित काय? पहिल्या प्रकरणात जी बाई खरे बोलत होती तिच्यावरच आळ आला, आणि ज्याने एका बाईला पिळून मरणाच्या दारी नेले तो पुरुष त्यागी बंधू ठरला. मुक्त वाचनाच्या नावाखाली जुनाच तराजू परत आला. अर्थ अनिश्चित असतात हे मान्य. पण अनिश्चिततेचा फायदा दरवेळी कोणाला मिळतो, हे तपासायला हरकत नसावी.

७

या सगळ्याचा मराठी समीक्षेशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आपल्या सवयींशी आहे. १९९६ मध्ये निधन पावलेल्या बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड यांनी मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांना वाचनाची गोडी लावली; त्यांत आज विद्यापीठांतून शिकवणारेही आले. आपल्या वाङ्मयेतिहासांत या साऱ्या लेखनाची वासलात बहुधा 'रंजनपर' या एका विशेषणात लागते. मला अर्नाळकरांना ख्रिस्तीच्या पंगतीला बसवायचे नाही. तसे करणे म्हणजे न वाचता वर चढवणे, आणि ते न वाचता खाली उतरवण्याइतकेच गैर. माझी मागणी इतकीच आहे की 'रंजनपर' हा निष्कर्ष असेल तर तो वाचनाच्या शेवटी यावा. रंजन कशाने होते, कोणावर हसवून होते, कोणाचे पत्र मिटवून होते, हे पाहिल्याशिवाय ते विशेषण पोकळ आहे. दुसऱ्या बाजूने, प्रत्येक पुस्तकाला संहिता म्हणून समान लेखणाऱ्यांनी हेही सांगावे की समान लेखल्यावर त्यांना त्या पुस्तकाविषयी नेमके काय वाटले. काहीच वाटले नसेल तर तो सिद्धान्ताचा विजय नव्हे. तो वाचनाचा अभाव आहे.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या फडके-खांडेकरांच्या जुन्या वादाची आपण आता थट्टा करतो. पण त्या वादात निदान निर्णय देण्याची हिंमत होती. रूपबंध देखणा आहे आणि तरी त्यात एका माणसावर अन्याय झाला आहे, ही दोन्ही विधाने एकाच श्वासात करण्याची सोय त्यांच्या परिभाषेत नव्हती. आपल्या परिभाषेत ती असायला हवी होती. इतका सिद्धान्त शिकून आपण ती मिळवली नाही.

त्या विद्यार्थिनीने पुढे शिक्षण सोडले की संशोधन केले, मला माहीत नाही. तिला द्यायचे राहिलेले उत्तर मी इथे लिहून ठेवते. हो, कादंबरी आवडली. तिने मला दाखवले की मी कोणावर, का आणि किती लवकर विश्वास ठेवते. आणि नाही, मी तिला क्षमा केलेली नाही. कारण हे दाखवण्यासाठी तिने जिचे पत्र वापरले तिच्याकडे तिने पुन्हा वळून पाहिले नाही. पुढच्या वर्षी पदव्युत्तर वर्गात मी ही कादंबरी शिकवणार आहे. पहिल्या तासाला मी खुन्याचे नाव सांगून टाकीन. त्यानंतर जे वाचायचे उरते, ते वाचायला आपल्याला पुरेसा वेळ मिळेल.